बापूजींची मान

मुकेशने मागवलेले हेडफोन घरी आले, तेव्हा कमलाबाईंना तो मोटारसायकलचा एखादा सुटा भाग वाटला. दोन काळ्या गुबगुबीत वाट्या आणि त्यांना जोडणारी एक कमान. या वाट्या कानांवर पालथ्या घालायच्या आणि गाणी ऐकायची, असं मुकेशने आईला समजावून सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही. कान झाकल्यावर ऐकू कसं येईल, असा तिचा साधा प्रश्न होता.

मुकेश रोज आंजीहून सेवाग्रामला नोकरीला जायचा. कार्यालयात त्याच्या डाव्या आणि उजव्या हाताला बसणारे दोघे दिवसभर एकमेकांशी गप्पा मारत, त्याही त्याच्या डोक्यावरून. त्यावर उपाय म्हणून त्याने हे स्वस्तातले, बिनवायरचे, पण कान पूर्ण झाकणारे हेडफोन मागवले होते. नाही आवडले तर आठवड्याच्या आत परत करता येणार होते. पंचाईत अशी की मोबाइलवर मत देणाऱ्यांपैकी निम्मे लोक आवाजाला अमृत म्हणत होते, तर उरलेले त्याला तेलाच्या रिकाम्या डब्याची उपमा देत होते. कोणी म्हणे, घातलेत हे कळतसुद्धा नाही. कोणी म्हणे, जरा वेळात कान शिजून निघतात. शेवटी मुकेशला वाटलं, घरात एवढा मोठा पारखी बसलेला असताना परक्यांची मतं कशाला वाचायची?

पारखी म्हणजे त्याचे वडील बापूजी. पीठगिरणीच्या नुसत्या आवाजावरून आत गहू दळला जातोय की ज्वारी, हे ते ओट्यावर बसून सांगत. दूरच्या वावरात मोटर सुरू झाली की ती पाणी ओढतेय की हवा, हेही त्यांना कळे. तरुणपणापासून ते गावच्या खंजिरी भजन मंडळात गायचे. असे तयार कान असल्यामुळे त्यांना जगातला एकही आवाज पसंत पडत नसे. कोणाचंही गाणं झालं की लोक बापूजींच्या तोंडाकडे बघत, आणि बापूजी म्हणत, "नाई, जमलं नाई." हा "नाई" पुढे त्यांच्या स्वभावात इतका मुरला की कोणी बैलजोडी मागो, शिडी मागो की नुसती काडेपेटी मागो, ते आधी "नाई" म्हणत आणि मग काय मागितलं ते विचारत.

अशाच एका "नाई"पायी त्यांचा जिवलग दोस्त तुटला होता. समोरच्याच घरात राहणारे मधुकरराव. बापूजी गात आणि मधुकरराव खंजिरी वाजवत. काही वर्षांपूर्वी सिंदी रेल्वेला भजनाची स्पर्धा झाली आणि आंजीचं मंडळ हरलं. परतीच्या गाडीत बापूजी म्हणाले की खंजिरी मागे पडत होती. मधुकरराव म्हणाले की खंजिरी जागेवर होती, सूरच झाडावर चढून बसला होता. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. दोघांनी भजनही सोडलं. एकाने गुडघ्याचं कारण सांगितलं, दुसऱ्याने मनगटाचं. मधला रस्ता जेमतेम एक बैलबंडी जाईल एवढा; पण तो कोणी ओलांडला नाही.

तर रविवारी सकाळी मुकेशने हेडफोन बापूजींच्या कानांवर चढवले. आपल्या मोबाइलवर जुनी खंजिरी भजनं लावली, तो मोबाइल त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवला आणि बजावलं की आवाज कसा आहे हे तर सांगाच, पण कानांना त्रास होतो का, हे बघायला दुपारपर्यंत काढू नका. एवढं सांगून तो वर्ध्याला निघून गेला. कमलाबाई तुरीच्या शेंगा तोडायला वावरात गेल्या. बापूजी उन्हात ओट्यावर एकटेच उरले.

आधी त्यांनी दोष शोधले. टोपी नीट बसत नव्हती. चष्म्याची काडी वाटीखाली दबून कानामागे टोचत होती. वाट्यांच्या आत ऊब धरत होती, पण हिवाळ्यात ती बरीच वाटली. मग गायकाने सूर लावला आणि बापूजी दोष विसरले. गाणारा माणूस जणू त्यांच्या दोन कानांच्या मध्ये येऊन बसला होता. त्याने घेतलेला श्वास ऐकू आला. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण वेगळी, चामड्यावरची थाप वेगळी. बापूजींचे डोळे अर्धवट मिटले आणि मान तालावर हलू लागली. समेवर तर ती छातीपर्यंत खाली यायची.

घोटाळा झाला तो या मानेमुळे.

पहिली आली शेजारची नलू. तिला लेकीकडे हिंगणघाटला जायचं होतं आणि शेळ्या कोणाकडे ठेवाव्या हा प्रश्न होता. बापूजी "नाई" म्हणणार हे तिला ठाऊक होतं. पण आपल्या तोंडाने विचारून ठेवलेलं बरं, एवढ्याचसाठी तिने विचारलं. बापूजींनी मान हलवली. नलूने पुन्हा विचारलं, त्यांनी आणखी जोरात हलवली. यांचं मन बदलायच्या आत तिने शेळ्या आणून गोठ्यात बांधल्या.

बापूजींनी होकार दिल्याची बातमी नलूने बसथांब्यावर जाता जाता सांगितली. ती बचत गटाच्या शकुंतलाबाईंपर्यंत पोचली. गटाच्या मेळाव्याचा स्वयंपाक करायला त्यांना मोठं अंगण हवं होतं आणि बापूजींच्या अंगणासारखं अंगण गल्लीत दुसरं नव्हतं. त्या चार बाया घेऊनच आल्या. तेव्हा भजन रंगात आलं होतं. बापूजींनी नुसती मानच हलवली नाही, तर हाताने "वा" असंही केलं. बाया भारावून गेल्या.

त्यानंतर बापूजींनी मध्येच डोळे उघडले, तर समोर मधुकरराव बसलेले. बापूजींच्याच ओट्यावर, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. त्यांचे ओठ हलत होते आणि ते दुपट्ट्याने डोळे पुसत होते. बापूजींना आधी तो भजनाचाच परिणाम वाटला. भान आलं तोवर मधुकररावांचं बोलणं संपलं होतं. नेमकी तेव्हाच सम आली आणि बापूजींची मान सवयीने खाली गेली. मधुकररावांनी त्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि ते उठले. बापूजी हेडफोन ओढू लागले, तर त्यात चष्म्याची काडी अडकली, टोपी डोळ्यांवर आली आणि चष्मा ओट्याखाली पडला. सगळं जागेवर येईपर्यंत मधुकररावांनी रस्ता ओलांडून आपलं फाटक लावून घेतलं होतं.

कमलाबाई वावरातून आल्या, तेव्हा त्यांच्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात दोन शेळ्या दोर सोडवून चरत होत्या आणि अंगणात बाया स्वयंपाकाची मोठमोठी गंजं उतरवत होत्या. त्यांनी विचारलं, तर शकुंतलाबाई म्हणाल्या की तुमच्या मालकांनी आनंदाने हो म्हटलं. कमलाबाईंनी डोक्यावरची टोपली खाली ठेवली, ओट्यावर गेल्या आणि आधी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

ताप नव्हता. मग बापूजींनी सारी हकीकत सांगितली. शेळ्या आणि गंजं कमलाबाईंनी पचवली, पण मधुकररावांचं नाव ऐकल्यावर त्या खालीच बसल्या.

"काय म्हने ते?"

"मले काय माहीत? मी भजन आयकून राह्यलो होतो."

"एवढ्या वर्षानं मानूस आपल्या दारात येऊन रडला, अन् तुमी गानं आयकत बसले?"

सिंदीच्या स्पर्धेपासून ते ज्या शब्दांची वाट बघत होते, ते शब्द बहुधा सकाळी त्यांच्या समोर बोलून झाले होते. जगातला कुठलाही आवाज ओळखणाऱ्या माणसाला नेमके तेच ऐकू आले नव्हते.

संध्याकाळी आणखी एक पेच पडला. मधुकररावांची नात काजल सांबारवड्यांचा डबा घेऊन आली आणि म्हणाली की आजोबांनी निरोप दिलाय, ठरल्याप्रमाणे उद्या सकाळी या. ती गेल्यावर, वर्ध्याहून परतलेल्या मुकेशसकट तिघे डब्याभोवती बसले. काय ठरलं होतं? मुकेशचं म्हणणं पडलं की सरळ जाऊन खरं सांगावं. कमलाबाईंना भीती होती की खरं सांगितलं तर माणूस कायमचा दुखावेल. बापूजींनी सांबारवडी तोंडात टाकली आणि पहिल्यांदाच कुठलाही दोष न काढता खाल्ली, यावरून त्यांच्या मनाची अवस्था दोघांनाही कळली.

सकाळी मुकेश नोकरीवर गेला. बापूजींनी धुतलेली टोपी घातली, पुरावा म्हणून हेडफोन पंचात गुंडाळून घेतले आणि रस्ता ओलांडला. एवढासा रस्ता, पण त्यांना सिंदीइतका लांब वाटला.

मधुकरराव अंगणात बाजेवर बसले होते. मांडीवर खंजिरी होती आणि ते तिच्या चामड्याला ऊन दाखवत होते. बापूजी बाजेच्या कडेला टेकले. तुरीचा बार, थंडी, गुडघे असं सगळं बोलून झालं. शेवटी ते पंचाशी चाळा करत म्हणाले की काल तू जे बोललास ते पुन्हा एकदा बोलशील का, जरा नीट लक्षात राहिलं नाही.

मधुकररावांनी खंजिरी बाजूला ठेवली.

"तुले आयकूच नोतं आलं, हे मले माहीत हाय."

बापूजींचा पंचाशी चाललेला चाळा थांबला.

"आमची काजल दिवसभर कानाले तेच लावून राह्यते. जेवाले बलावाचं तं खांदा धरून हलवा लागते. काल तुह्या कानावर ते पाह्यलं, म्हनूनच तं आलो. तुले आयकू येत असतं तं मी बोललो असतो काय?"

"मंग ठरलं काय होतं?"

"मी म्हनलं, उद्या सकाळी पुन्हा बसू खंजिरी घेऊन. तू मान हलवली."

"ते तं मी तालावर हलवली."

"असन. पन मान तं तुहीच होती ना."

निदान बाकीचं काय बोललास ते सांग, असं बापूजींनी परोपरीने विनवलं. पण मधुकररावांनी साफ नकार दिला. जे एकदा बोलून मोकळं झालं ते पुन्हा बोलायचं नसतं, म्हणाले. मग त्यांना एक गोष्ट सुचली. त्यांनी पंचा उलगडला, हेडफोन काढले आणि न विचारता मधुकररावांच्या डोक्यावर चढवले. कान मोठे असल्यामुळे ते जरा कोंबावे लागले.

"आता तू आयक," ते म्हणाले, आणि आता काही ऐकू जाणार नाही अशी खात्री करून, गोठ्यातल्या म्हशीकडे तोंड करून बोलू लागले.

तुझ्यासारखी खंजिरी अख्ख्या तालुक्यात कोणी वाजवत नाही, म्हणाले. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण सांगितलं असतं तर तू फुगला असतास, म्हणून सांगितलं नाही. भजन सुटलं ते गुडघ्याने नव्हे. तुझी थाप नसली की मला सूर कुठे टाकावा तेच सुचत नाही. आणि शेवटी म्हणाले, "तुह्याबिगर मले चहा गोड लागत नाई, मधुकर. कमलीले वाटते साखर कमी पडली. ते बिचारी टाकतच राह्यते."

त्यांनी चोरून मागे बघितलं. मधुकररावांचे डोळे मिटले होते आणि मान सावकाश हलत होती. भजन रंगलेलं दिसतं, असं बापूजींना वाटलं. मन मोकळं झाल्यामुळे त्यांना एकदम हलकं वाटू लागलं. थोड्या वेळाने मधुकररावांनी हेडफोन काढले, दोन्ही कान चोळले आणि वस्तू उलटीपालटी करून पाहिली.

"कानाले थोडी गरमी होते. अन् डोक्याले आवळते."

"ते सैल होते मंग. भजन कसं वाटलं?"

"भजन नोतंच."

बापूजींना वाटलं होतं की गाणी त्या वाट्यांमध्येच असतात. गाणी ज्या मोबाइलमध्ये होती, तो मुकेशच्या खिशात बसून केव्हाच सेवाग्रामला पोचला होता.

मधुकररावांनी हेडफोन जपून त्यांच्या हातात ठेवले आणि खंजिरी उचलली.

"पन वस्तू चांगली हाय, बापूजी," ते म्हणाले. "वापस नको करू. एकेक शब्द साफ आयकू आला."