पक्कडभाऊंनी वाळवलेली खोली

माणूस पारखावा तर मीच! हे मी माझ्याच तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. लिफ्ट तपासणीच्या कचेरीत गेली एकोणीस वर्षं मी एकच काम करतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचं प्रमाणपत्र बघायचं, शिक्का बघायचा, मुदत बघायची. मुदत काल संपली असेल तर त्याला आज परत पाठवायचं. रडला तरी पाठवायचं! लिफ्ट म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ, तिथे दयामाया नाही. पण घर म्हणजे काही लिफ्ट नव्हे. घरी मी कागद बघत नाही, माणूस बघतो.

तर झालं असं. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी कपड्यांचं मशीन लावलं आणि त्या बाहेर गेल्या. मशीनचा पाइप निसटला. चार तास पाणी वाहत होतं, आणि वाहून वाहून जाणार कुठे? आमच्या आतल्या खोलीत! मी कचेरीतून आलो तेव्हा पलंगावरच्या छताला तपकिरी डाग पडले होते, एक भिंत खालपासून वरपर्यंत ओली होती आणि गादी पिळून काढावी लागेल अशी भिजली होती.

एरवी मी म्हणालो असतो, वाळेल हळूहळू. पण ती खोली सासूबाईंसाठी तयार ठेवली होती. त्या न्यूमोनियाने तीन आठवडे हॉस्पिटलात होत्या आणि बायको रात्रंदिवस त्यांच्याजवळ. शनिवारी त्यांना आमच्याकडे आणायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी बायकोला स्पष्ट बजावलं होतं, "खोली कोरडी पाहिजे. ओल नको, बुरशी नको. छाती फार नाजूक झालीय. पुन्हा झालं तर आवरणं कठीण आहे."

हे वाक्य मला आठवलं. मी बायकोला फोन केला.

"अहो, घाबरू नका," ती म्हणाली. अजून मी काही सांगितलंही नव्हतं!

सगळं ऐकल्यावर ती म्हणाली, "पाण्याने खराब झालेली घरं नीट करणारी एक कंपनी आहे. इथल्या नर्सबाईंकडे नंबर आहे, पाठवते. त्यांच्या माणसांकडे त्या कामाचं सर्टिफिकेट असतं. त्यांनाच बोलवा. आणि आधी सर्टिफिकेट बघा, फोटो काढून मला पाठवा."

"मला शिकवतेस? एकोणीस वर्षं..."

"म्हणून तर सांगतेय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी कंपनीत फोन लावला. तिकडून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी त्या खोलीची वीज बंद करा. आमची तंत्रज्ञ येईल, मीटरने ओल मोजेल. छत उघडावं लागेल, आत साठलेलं पाणी काढावं लागेल. मग तीन-चार दिवस पंखे आणि ओलावा ओढणारी यंत्रं चालतील. परत मोजायचं. आकडा खाली आला की मगच छत बंद."

"म्हणजे तीन-चार दिवस नुसता वारा घालायचा?"

"हो साहेब."

"वारा तर मीसुद्धा घालतो!" असं म्हणून मी फोन ठेवला. शनिवार तोंडावर आलेला आणि या बाई वारा विकतायत!

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने मला माणूस सुचवला. पक्कडभाऊ. खरं नाव कुणालाच माहीत नाही, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम पक्कड. बुधवारी सकाळी ते आले, खोलीत शिरले आणि डोळे मिटून भिंतीला कान लावून उभे राहिले. पाच मिनिटं! मी श्वास रोखून धरला.

"पाणी आत बसलंय," ते म्हणाले.

"मग बाहेर काढायचं ना?"

"छे, छे! काढायचं कशाला? कोंडायचं! ओलाव्याला हवा मिळाली की तो माजतो. हवाच बंद केली तर गुदमरतो. दोन दिवसांत खलास!"

काय ती शास्त्रीय दृष्टी! तरी सवयीने मी विचारलं, "तुमच्याकडे या कामाचं प्रमाणपत्र वगैरे..."

त्यांनी दोन्ही तळहात माझ्या नाकासमोर धरले. "हे बघा. या हातांनी दोनशे भिंती बुजवल्यात. एक तरी भिंत तक्रार घेऊन आलीय का?"

खरंच आली नव्हती. मी मनातल्या मनात शिक्का मारला.

दुपारपर्यंत खोली तयार! भिंतीवर प्लास्टिकचा कागद, कागदावर लाकडी फळ्या. छताच्या डागांवर जाड, चकचकीत रंगाचे तीन हात. उरलेला वास जावा म्हणून गुलाबाचा फवारा. मी दुसऱ्या खोलीतली गादी पलंगावर टाकली, नवी चादर घातली आणि फोटो बायकोला पाठवला.

"अय्या! एका दिवसात?" तिचा लगेच फोन आला. "आईला दाखवला, ती हसली हो किती दिवसांनी! आता सर्टिफिकेटचा फोटो पाठवा."

"पाठवतो ना. जरा... जरा अंधार आहे."

दुपारचे दोन वाजले होते! खोटं बोलायचं म्हटलं की माझी अक्कल सगळ्यात आधी पळून जाते.

गुरुवारी सकाळी छताला लिंबाएवढा फुगा आला होता. मी मनाला समजावलं, रंग आहे, बसेल खाली. कचेरीतून येऊन बघतो तर फुगा नारळाएवढा! शिवाय भिंतीतून आवाज यायला लागला. टप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप. मी खोलीत गेलो की थांबायचा, बाहेर आलो की सुरू! त्या आवाजाने मी इतका धास्तावलो की जेवणाचं ताट घेऊन त्या दारातच बसलो.

पक्कडभाऊंना फोन केला.

"साहेब, भिंत श्वास घेतेय. घेऊ द्या."

"अहो, पण तुम्ही तर तिला गुदमरवणार होतात!"

"शेवटचे श्वास आहेत," ते म्हणाले.

हे ऐकून मला सासूबाईच आठवल्या. दिवा लावून नीट बघावं म्हणून बटणाला हात लावला, तर खांद्यापर्यंत झिणझिण्या! मी असा काही ओरडलो की वरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, पाल का?" मी म्हणालो, "हो, पाल!" आणि धावत जाऊन सगळ्या घराची वीज बंद केली.

आता खरं सांगतो, मला भीती छताची नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे त्या चादरीवर टेकून खोकणाऱ्या सासूबाई येत होत्या, आणि दारात उभी बायको. ती ओरडत नव्हती, रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. त्या कंपनीला फोन करावा असं मला दहादा वाटलं. पण फोन केला तर कंपनी येणार, कंपनी आली की बायकोला कळणार. म्हणून मी फोन केला नाही. इतका शहाणा मी!

शुक्रवारी रजा टाकली आणि पक्कडभाऊंना अक्षरशः हाताला धरून घरी आणलं. छताचा फुगा एव्हाना पोटासारखा सुटला होता, आणि बरोबर पलंगावर. पक्कडभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोष भिंतीत आहे," ते म्हणाले. "एक भोक पाडू. वाफ निघून जाईल."

"परवा तर हवा बंद करायची म्हणालात!"

"तो पहिला टप्पा होता, साहेब."

वीज बंद होती, म्हणून त्यांनी पिशवीतून हाताने फिरवायचं गिरमिट काढलं. फळीला लावलं, फिरवलं, जोर लावला. खर्र... खर्र... खच्! आणि भिंतीतून पाण्याची धार सरळ माझ्या चष्म्यावर! न्हाणीघराकडे जाणारा पाइप त्यांनी बरोबर मधोमध टोचला होता.

"बोट लावा! बोट लावा!" पक्कडभाऊ किंचाळले. मी बोट लावलं. "हलू नका! मी खाली जाऊन पाणी बंद करून येतो!" आणि ते गेले. दोन मिनिटांनी खिडकीतून मला त्यांची स्कूटर दिसली. ती पाण्याच्या टाकीकडे जात नव्हती. फाटकाबाहेर पडून डावीकडे वळली आणि दिसेनाशी झाली.

मी एकटा, ओलाचिंब, भिंतीत बोट. हातभर अंतरावर ते झिणझिण्यांचं बटण, डोक्यावर ते पोट. सोडावं तर घर बुडतं, धरावं तर छत कधी येईल नेम नाही.

आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"अहो! बघा कोण आलंय! एक दिवस आधीच सोडलं!"

बायको! आणि तिच्या मागून बारीक खोकल्याचा आवाज.

"आत येऊ नका!" मी ओरडलो.

मग बायकोचा अगदी वेगळा आवाज. "का? आत कोण आहे?"

"कोणी नाही!"

"मग दिवे का बंद आहेत? हा कसला आवाज येतोय?"

"पाल आहे! एवढी मोठी! आईंना घेऊन खाली जा, वरती जा, कुठेही जा!"

"एवढ्याशा पालीला घाबरून आईला जिने उतरवू?" बायको म्हणाली. "आई, तू चल बाई, आडवी हो. यांचं नेहमीचंच."

आणि सासूबाई खोलीत आल्या. तीन आठवड्यांत निम्म्या झाल्या होत्या. शाल घट्ट ओढून, एकेक पाऊल मोजत त्या पलंगाकडे निघाल्या. बायको पिशव्या सांभाळत मागे. बाहेरच्या उन्हातून आलेल्या दोघींनाही त्या अंधुक खोलीत छत दिसत नव्हतं. मला दिसत होतं. त्या पोटाच्या मधोमध केसासारखी एक रेघ उमटली आणि मी बघता बघता लांब झाली.

"आई, नको!" पण आवाज फुटलाच नाही, नुसतं तोंड उघडलं. त्या वळल्या, पलंगाच्या कडेला हात टेकला, आणि बसणार!

मी बोट सोडलं. कसा उडी मारून पोचलो ते मला आजही सांगता येणार नाही. सासूबाईंना कमरेत धरलं आणि उचलून दारापर्यंत नेलं. पाण्याची धार बायकोच्या तोंडावर. ती ओरडली, "अहो, हे काय!" आणि मागे धडाड्धूम! छताचा तो अख्खा तुकडा, वर साठलेल्या पाण्यासकट, बरोबर उशीवर. उशी दिसेनाशी झाली!

मी सासूबाईंना खाली ठेवलं आणि त्यांचे पाय धरून तिथेच बसलो. मला रडू फुटलं, ते मी लपवलंही नाही.

मग पुढचं सगळं बायकोने केलं. पाणी बंद केलं, सासूबाईंना वरच्या काकूंकडे कोरड्या खोलीत बसवलं, कंपनीला फोन लावला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

तासाभरात एक तरुण मुलगी आली. पाठीवर पिशवी, पायात जाड बूट. दारातच तिने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. "माझं प्रमाणपत्र. बघून घ्या. मुदत मागे आहे."

मी ते हातात घेतलं. नाव, शिक्का, मुदत. सगळं जागच्या जागी! इतकं नीट कार्ड मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

तिने खोलीच्या विजेचा बंदोबस्त करून घेतला, मग फळी काढली. आत प्लास्टिकच्या मागे काळी बुरशी पसरायला लागली होती. छोटं यंत्र भिंतीला टेकवलं तर ते किंचाळायलाच लागलं.

"कोंडलंत म्हणून वाढलं," ती म्हणाली. "उघडं ठेवून वाळवलं असतं तर रविवारपर्यंत खोली तयार झाली असती. आता आठ दिवस तरी धरा. आजींना तोवर इकडे फिरकू देऊ नका." मग तिने फॉर्म काढला. "आधीचं काम कुणी केलं? त्यांच्या प्रमाणपत्राचा नंबर?"

मी खाली मान घातली. बायकोने माझ्यासाठी उत्तर दिलं, "नंबर नाही. हात होते."

संध्याकाळी आम्ही काकूंकडे गेलो. सासूबाई खुर्चीत टेकून बसल्या होत्या. मी चोरासारखा त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोलून घेऊ द्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खोकत खोकत लेकीला जवळ बोलावलं.

"काय गं, माझ्यासाठी डॉक्टर कोणी शोधला होता?"

"मी, आई."

"यांनी नाही ना?"

"नाही गं."

सासूबाईंनी डोळे मिटले, मान मागे टेकवली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा अगदी खोल, मोकळा श्वास घेतला.