लेकीच्या मापाचं कवच

"इथल्या दुकानातून घेतलं ना, तर मिशी उतरवीन!" सवलतराव गरजले.

सवलतराव हे नाव कचेरीतल्या मंडळींनी ठेवलेलं. गृहस्थाला त्याचा रागही नव्हता. उलट नवीन वस्तू दिसली की कुणीतरी "केवढ्याला पडलं?" असं विचारायची खोटी, स्वारी लगेच फुलायची.

लेक हॉकीची गोलकीपर. शाळेचे फाटके पॅड बांधून दोन वर्षं खेळली बिचारी. या वर्षी सरांनी बजावलं, "निवड चाचणीला स्वतःचं साहित्य हवं. त्याशिवाय गोलमध्ये उभं करणार नाही."

"बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानात आहे की!"

"अगं, तो गळा कापतो! आम्ही सुट्टीला परदेशी चाललोच आहोत. तिथे निम्म्या किमतीत मिळतं. शुक्रवारी रात्री आम्ही घरी, शनिवारी सकाळी तुझी चाचणी. झालं!"

"नक्की याल ना पण?"

"म्हणजे काय!"

लेकीला तिच्या आत्याकडे सोपवून नवरा-बायको विमानात बसले. तिथे सवलतरावांनी सगळी प्रेक्षणीय स्थळं सोडून खेळाची दुकानं पालथी घातली. बायकोने समुद्र पाहिला तो टॅक्सीच्या काचेतून. पण संच मिळाला! पायांचे पॅड, छातीचं कवच, हेल्मेट, सगळं लेकीच्या मापाचं आणि खरंच निम्म्या किमतीत.

परतताना विमानतळावर सामान जास्त भरलं. काउंटरवरच्या मुलीने जादा आकार सांगितला.

"भरून टाका हो," बायको म्हणाली.

"भरू? मग वाचवलं काय? अंगावर घातलेल्याचं वजन करत नाहीत!"

आणि सवलतरावांनी तिथेच लेकीचं कवच चढवलं! चौदा वर्षांच्या पोरीचं कवच आणि पन्नाशीची ढेरी. बायको आणि एक हमाल अशा दोघांनी मिळून मागचं बक्कल ओढलं, तेव्हा कुठे ते लागलं. पायाला पॅड, डोक्यावर हेल्मेट. चालताना पॅड एकमेकांवर आपटत होते. लोक फोटो काढत होते.

"मी तुमच्याबरोबर नाही," असं म्हणून बायको दहा पावलं मागे राहिली.

तपासणीपाशी रक्षकाने कवचाकडे बोट दाखवलं. सवलतरावांना वाटलं, किंमत विचारतोय. त्यांनी खुशीत सांगितली! रक्षकाने पुन्हा बोट दाखवलं. त्यांनी दुकानाचा पत्ताही सांगितला!

"अहो, काढा म्हणतोय तो!" बायको मागून ओरडली.

काढणार कसं? बक्कल अडकलेलं. एक रक्षक पुढून ओढतोय, दुसरा मागून, आणि सवलतराव मधे लालबुंद!

"कापायचं का?" रक्षकाने कात्री दाखवली.

"नको! नको हो! लेकीचं आहे ते!"

शेवटी कुणीतरी तेल आणलं आणि बक्कल सुटलं. तोवर विमानही सुटलं होतं. पुढचं दुसऱ्या दिवशी.

मग मात्र ते बाकावर टेकले. बायकोने लेकीला फोन लावला. "उशीर होतोय गं बाळा." पलीकडून फक्त "बरं" आलं. त्या "बरं"नंतर सवलतराव रुमालाने कवचावरचं तेल पुसत बसले.

शनिवारी दुपार कलल्यावर टॅक्सी दारात थांबली. लेक पायरीवरच बसली होती, अजून खेळाच्याच कपड्यांत.

"झाली चाचणी?"

"सकाळीच. दुसरीला घेतलं."

"अगं, पण सरांना सांगायचंस, सामान येतंय म्हणून!"

"सांगितलं ना! म्हटलं, बाबा आणतायत. सगळ्या मुली हसल्या."

सामान तिथेच टाकून सवलतराव तिच्याशेजारी टेकले. "चुकलं गं माझं," एवढंच कसंबसं निघालं. डोळे भरून आले होते.

लेकीने पिशवी उघडली. कवच अंगावर चढवलं. तेलाचा डाग बोटाने पुसून पाहिला, तो गेला नाही. मग हेल्मेट घातलं आणि मान खाली घालून बसली. आतून हुंदका ऐकू आला, आणि मग आवाज.

"मापाचंय, बाबा. अगदी बरोबर बसलंय."

एवढ्यात आत्या हात पुसत बाहेर आली. तिला भावाची खोड पाठ. सवयीने तिने विचारलं, "अरे वा! केवढ्याला पडलं रे?"

"ताई," सवलतराव म्हणाले, "नको ना विचारूस."