राजाचे कुरण आणि ठकूबाईची गाढवीण

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून, खरे लिहिण्याची बुद्धी दे म्हणून हात जोडून, हे लिहावयास घेतले. शके सोळाशे त्र्याहत्तर, प्रजापती नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राज्यात गवत कमरेइतके माजले होते, आणि महाराजांची खास पागा नदीपलीकडील कुरणावर चरावयास ठेविली होती. घोड्या चाळीस, आणि त्यांची त्या सालची शिंगरे. पागेचे दारोगा रायाजीराव, वय पन्नाशीचे, लढायांत नाव मिळविलेले, घोड्याचे कान पाहून त्याचे पोटातले ओळखणारे. आणि हे लिहिणारा त्यांचे हाताखाली पागेची यादी लिहीत असे. त्याचे नाव येथे घालण्याजोगे राहिले नाही, म्हणून घातले नाही.

त्या महिन्यात डोंगराकडून लांडगे उतरले. प्रथम एक शिंगरू गेले, तेव्हा ते लंगडे होते म्हणून गेले असे म्हटले. मग दुसरे गेले, ते धडधाकट होते. मग रायाजीरावांनी कुरणास बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले, आणि लांडगे ओढ्याचे पात्रातून आत शिरले. मग ओढ्यावर भालेकरी बसविले, आणि लांडगे टेकडीवरून आले. मग नगारे वाजविले, तेणे लांडगे चार दिवस बुजले आणि पाचवे दिवशी नगारा वाजत असताच शिंगरू घेऊन गेले, आणि घोड्या मात्र त्या आवाजाने दाणा खाईनाशा जाहल्या. रायाजीराव स्वतः पहाटेस भाला घेऊन उभे राहत, आणि फाडलेले शिंगरू दिसले म्हणजे त्याचे आईपाशी जाऊन तिचे मानेवर हात ठेवून उभे राहत.

जवळचे गावी ठकूबाई कुंभारीण राहत असे. नवरा वारलेला, चाक तीच चालवी. मातीत कालवावयास घोड्यांची लीद न्यावी म्हणून ती कुरणावर येत असे, आणि लीद वाहावयास तिची राखी रंगाची गाढवीण असे, तिचे नाव लाडी. एके सकाळी मेलेले शिंगरू पाहून ठकूबाई थबकली आणि बोलली, "सरकार, रागावणार नसाल तर एक सांगते. माझी लाडी घोड्यांत सोडा. कुत्रं न् लांडगं तिला डोळ्यापुढं खपत नाही. घोडं भ्यालं की पळतं. ही पळत नाही, अंगावर जाते."

हे ऐकोन घोड्यांची चाकरी करणारे मोतद्दार हसले. रायाजीराव हसले नाहीत. ते बोलिले, "बाई, ज्यानं गुन्हा केला त्याची आम्ही गाढवावरून धिंड काढतो. ते जनावर महाराजांच्या घोड्यांचं राखण करतंय हे शेजारच्या राज्यात कळलं, तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?"

"तोंडाचं मला कळत नाही, सरकार," ठकूबाई बोलली, "शिंगराचं कळतं." आणि लीद भरून गेली.

मग तीन दिवसांनी महाराजांचे बसावयाचे घोडीचे शिंगरू गेले, आणि रायाजीरावांनी मला एकीकडे नेऊन सांगितले, "पंत, त्या बाईला निरोप द्या. पण गाजावाजा नको. आणि यादीत गाढव लिहू नका." मी विचारिले, काय लिहू. ते म्हणाले, "तट्टू लिहा." मी लिहिले, राखी तट्टू, लहान, एक. लिहिताना हात अडखळला नाही, हे आता सांगताना लाज वाटते.

लाडी आली. पहिले दोन दिवस घोड्या तिजपासून फुरफुरत दूर राहिल्या, आणि मग शिंगरे तिच्या अंगास अंग लावून उभी राहू लागली. आठवे दिवशी उजाडता उजाडता लांडगा ओढ्यातून वर आला. घोड्या उधळल्या. लाडी मान खाली घालून, कान पाडून, ओरडत थेट त्याजवर धावली, आणि त्याचे मानेस दातांनी धरून आपटले, आणि पुढल्या टापांनी तुडविले. तो लंगडत पळाला. हे मी आणि रायाजीराव उभयतांनी डोळ्यांनी पाहिले. त्यावर महाशिवरात्रीपर्यंत एकही शिंगरू गेले नाही. रायाजीराव आपल्या हाताने लाडीस गूळ चारू लागले, परंतु आजूबाजूस कोणी नसता.

मग फाल्गुनात निरोप आला की शेजारील राज्याचे वकील पागा पाहावयास येतात, आणि महाराज त्यांजसमवेत जातीने येतात. रायाजीरावांचे तोंड उतरले. ते म्हणाले, "तेवढे दोन दिवस तिला लपवा." मी ठकूबाईकडे गेलो. तिने हातातला मातीचा गोळा खाली ठेविला आणि बोलली, "पंत, दोन दिवस लांडग्यांना कुणी सांगितलंय का येऊ नका म्हणून?" मी म्हणालो, सरकारचा हुकूम आहे. ती पुन्हा चाकाकडे वळली. लाडीस कुरणाचे कडेला लिदीचे खोपीत मी बांधिली, आणि ओरडेल म्हणून तिचे तोंड दोरीने आवळिले. ती गाठ माझे हातची.

महाराज आले, वकील आले. वकील वृद्ध, बोलणे थोडे. दिवस मावळावयास घटकाभर असता मुजऱ्यासाठी पहाऱ्याचे सारे भालेकरी बोलावून नवी पागोटी घालून रांगेत उभे केले, आणि कुरण उघडे पडले. मी रांगेचे टोकास, खोपीपासून वीस पावलांवर उभा होतो. तेव्हा खोपीत लाडी खांबावर लाथा मारू लागली. लांडगे जवळ आले हे मला कळले. वीस पावले जाऊन दोरी सोडणे एवढेच काम होते. परंतु महाराज समोर होते, आणि त्यांचे देखता माझे यादीतले तट्टू ओरडत बाहेर येईल, या भयाने मी हललो नाही. लाथा ऐकत उभा राहिलो.

मग टेकडीवरून लांडगे उतरले, पाच की सहा. भालेकरी धावेपर्यंत चार शिंगरे पडली, आणि घोड्या उधळून दरीचे बाजूस गेल्या. महाराज स्वतः तलवार उपसून धावले, आणि रायाजीराव अनवाणी धावले, कोणाचे हाती घोडी येईना. इतक्यात गलका ऐकोन ठकूबाई गावाकडून धावत आली. तिने कोणास विचारिले नाही, मुजरा केला नाही, खोपीत शिरून लाडीस सोडिले. लाडी ओरडत कुरणाचे मध्यावर गेली, लांडग्यांवर धावली, लांडगे हटले, आणि तिचा आवाज ऐकोन दरीचे तोंडावरून घोड्या एकेक वळून तिजभोवती येऊन उभ्या राहिल्या.

महाराजांनी विचारिले, "रायाजी, हे काय आहे?" रायाजीरावांनी मान खाली घातली. मग वकील पुढे आले. आम्हास वाटले, आता हे हसतील. वकील ठकूबाईस म्हणाले, "बाई, आमच्या मुलखात दोन वर्षं लांडगे शिंगरं नेतात, उपाय चालत नाही. असं जनावर आम्हाला कुठं मिळेल?"

हे ऐकोन मजला धरणी दुभंगावी असे जाहले. महाराजांनी यादी मागितली, ती वाचिली, आणि म्हणाले, "तट्टू कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं, महाराज."

"लिहायला मी सांगितलं," रायाजीराव बोलिले, आणि पागोटे काढून मेलेल्या शिंगरांपाशी जाऊन बसले.

महाराजांनी दंड केला नाही. त्या दिवशी कोणाचा मुजरा घेतला नाही, आणि डेऱ्यात जाऊन पडदा सोडविला. दंड केला असता तर बरे होते.

दुसरे दिवशी मी ठकूबाईकडे गेलो. लाडीचे नाकावरची कातडी दोरीने सोलली होती, तीवर ठकूबाई हळद-तेल लावीत होती. मी म्हणालो, "बाई, चुकलो." तिने वर पाहिले नाही. मग म्हणाली, "माझ्यापुढं काय म्हणता, पंत? त्या घोड्यांपुढं जाऊन म्हणा." मी कुरणावर गेलो. ज्या चौघींची शिंगरे गेली त्या अजून हुंगीत फिरत होत्या. मी मागे फिरलो आणि यादी काढून बसलो.

तात्पर्य, राज्याचे नाव राखावयास निघालो, त्यात चार शिंगरे गेली. लांडग्यांनी त्यांचे काम केले, गाढविणीने तिचे केले. आम्ही उभे राहिलो. यादी आता दुरुस्त केली आहे. जे घडले ते लिहिले, कमी केले नाही. येथे लेखणी ठेविली.