तीन रीडिंगची सरासरी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काढलेल्या तपासनीसांचा एकुलत्या एका आकड्यावर कधीच विश्वास बसत नसे. त्यामुळे मुलीने वास्तुकलेच्या प्रवेशपरीक्षेत दोनशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस गुण मिळाल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी आधी चष्मा पुसला.

"पुन्हा दे."

"का? गेल्या वर्षी एकशे पंचेचाळीसपर्यंत प्रवेश मिळालेत. पुरे की, बाबा!"

"एका रीडिंगला रीडिंग म्हणत नाहीत, बाळा. योगायोग म्हणतात."

"अहो, पोरगी आहे ती, नळाचं पाणी नव्हे," आई आतून म्हणाली. पण परीक्षा वर्षातून तीनदा देता येत होती, आणि तीन हा तपासनीसांचा लाडका आकडा होता. दुसऱ्या खेपेला मुलीच्या अंगात ताप होता. एकशे तीस पडले. तिसऱ्या खेपेला एकशे एक्कावन्न.

अर्ज भरायला ते स्वतः बसले. गुणांसाठी चौकट एकच होती. कॉलेजापासून चढउतार लपवून ठेवणे त्यांच्या सचोटीला मानवेना.

"बाबा, मधला आकडा गाळायचा ना?" मुलीने विचारले.

"थांब, बेरीज चुकेल."

बेरीज चुकली नाही. त्यांनी ती तीनने भागली आणि वळणदार अक्षरात सरासरी लिहिली : १४३.

निवडयादी एकशे पंचेचाळीसवर संपली.

तिन्ही गुणपत्रिका घेऊन बापलेक कॉलेजात गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दोनदा उलटून पाहिला.

"काका, सरासरी मागितली होती कुणी? पोरं पडोत नाहीतर चढोत, आम्ही सगळ्यांत चांगले गुण धरतो. चौकटीखाली छापलंय की."

छापलेले होते. थर्मामीटरवरची केसाएवढी रेघ टिपणाऱ्या डोळ्यांतून ती ओळ निसटली होती.

"मग दुरुस्त करा ना, बाई. गुणपत्रिका जोडल्याच होत्या."

"जास्त गुण लिहिले तर अर्ज रद्द, असा नियम आहे. कमी लिहिणारा आजवर कुणी आलाच नाही, म्हणून त्याला नियमही नाही. आणि दुरुस्तीची मुदत परवाच संपली. आता पुढच्या वर्षी..." बाईंची नजर मुलीकडे गेली आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडले.

बाहेरच्या पायरीवर तपासनीस मट्कन बसले. "पहिल्या रीडिंगवरच काम झालं असतं," ते पुटपुटले.

"तुम्ही मला सुट्टीत प्रयोगशाळेत न्यायचात," मुलगी म्हणाली. "दोन रीडिंग जवळ आली आणि एकच लांब गेलं, तर लांबचं टाकून द्यायचं. तुम्हीच शिकवलंत."

तो नियम त्यांच्याच सहीने प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेला होता.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस, बाळा?"

"बोलले होते, बाबा." तिने गुणपत्रिकांची घडी पिशवीत सरकवली. "पण एकदाच."