सरावाचा राजीनामा

तुम्हाला सांगतो, त्या वर्गात माझ्याइतका हुशार विद्यार्थी नव्हता. हे मी म्हणत नाही, शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणजे 'तुम्ही फार घाईने बटन दाबता' असं म्हणाल्या होत्या, पण त्यातला कौतुकाचा सूर मी बरोबर ओळखला.

वर्ग मोफत होता. बेकार तरुणांना संगणक शिकवून नोकरीला लावायचं, अशी ती योजना. बंद पडलेल्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही बावीस जण चौदा संगणकांसमोर दाटीवाटीने बसायचो. माझं वय सव्वीस. पदवी घेऊन चार वर्षं झाली होती आणि नोकरीच्या नावाने शंख होता. घरात आई, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी मोठी ताई. ताई पंखे बनवणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात होती. ज्याचा पंखा फिरत नाही तो तिच्यावर ओरडायचा, आणि ज्याचा फिरताना आवाज करतो तो त्या पंख्याहून मोठ्याने ओरडायचा. अकरा वर्षं ती हे ऐकत होती आणि आमचं घर चालवत होती.

पाचव्या आठवड्यात मॅडमनी गृहपाठ दिला : राजीनाम्याचं पत्र लिहा आणि मला ईमेलने पाठवा.

मागून एकजण म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे नोकरीच नाही. सोडायचं काय?"

"नोकरीचे अर्ज तुम्ही सगळे कुठून तरी उतरवून काढता," मॅडम म्हणाल्या. "राजीनामा तरी स्वतःच्या मनाने लिहाल."

दुसऱ्या दिवशी आईचे डोळे तपासायचे होते म्हणून ताईने रजा घेतली होती. निघताना ती म्हणाली, "माझा लॅपटॉप वापर हवं तर. पण ऑफिसचं काही उघडू नकोस."

"मी काय लहान आहे का?"

ती आईला घेऊन गेली.

मी ऑफिसचं काहीही उघडलं नाही. ते आधीच उघडं होतं. ते ताईचं ईमेल आहे, आपलं नाही, एवढी एकच गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

लिहायला बसलो, तर सुचेना. राजीनाम्याला कारण लागतं आणि कारणाला नोकरी. अर्धा तास नखं खाल्ल्यावर वाटलं, ताईच्या वतीने लिहावं. मग मात्र हात थांबेना. लिहिलं की, गेली अकरा वर्षं मी लोकांच्या तक्रारी ऐकते. माझी तक्रार कुणी विचारलेली नाही. या अकरा वर्षांत घेतलेली एकही रजा माझ्या स्वतःसाठी नव्हती. संध्याकाळी घरी पोचल्यावर मी दार वाजवत नाही. आधी पंधरा मिनिटं जिन्यात बसते, कारण आत गेल्यावर पुन्हा बोलावं लागतं. आता मी थकले आहे. कृपया मला मोकळं करावं.

खाली ताईचं नाव घातलं. पत्त्याची पहिली दोन अक्षरं लिहिली, पुढचं यंत्राने आपणहून भरलं. काय हुशार यंत्र, असं म्हणत मी बटन दाबलं.

नऊ मिनिटांत उत्तर आलं. 'आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. अकरा वर्षांच्या सेवेबद्दल आभार. लॅपटॉप शुक्रवारपर्यंत जमा करावा.'

मला वाटलं, वा, मॅडमही नाटकात उतरल्या. मीही कमी नाही. मी लिहिलं, 'खुशाल घ्या. तसाही त्याचा चार्जर मध्येच दगा देतो.'

मग दुसरं पत्र आलं, ताईच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचं. 'अगं, हे काय ऐकते मी? निदान मला तरी सांगायचंस.'

ते मी तीनदा वाचलं. मग पहिल्या पत्रावरचा पत्ता नीट वाचला. पत्र ताईच्या साहेबांना गेलं होतं.

ताईला फोन लावला, तो बंद. आता जे काही करायचं ते मलाच करायचं होतं, आणि इथेच सगळी गडबड झाली. मी ताईच्या नावाने लिहिलं, 'आधीचं पत्र चुकून आलं. ते फक्त सरावासाठी होतं.'

साहेबांचं उत्तर आलं, 'हा सराव आपण कधीपासून करत आहात?'

मग मी खरं सांगायचं ठरवलं. 'साहेब, मी त्यांचा भाऊ. त्या घरी नाहीत. सगळं मीच लिहिलं आहे.'

यावर साहेबांनी लिहिलं नाही. दुसऱ्याच एका विभागातून पत्र आलं : कंपनीचं खातं बाहेरच्या व्यक्तीला वापरू देणं नियमाविरुद्ध आहे, याची नोंद घेण्यात आली आहे.

मी लॅपटॉप मिटला आणि त्यापासून लांब जाऊन बसलो, न जाणो माझ्या नुसत्या बघण्यानेही आणखी एखादं पत्र जायचं.

दोन वाजता आई आणि ताई परत आल्या. आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, तिला सगळं धूसर दिसत होतं. माझा चेहरा मात्र दिसला असावा.

"काय झालं रे?"

"काही नाही आई. तू पड जरा."

ताईसमोर मी लॅपटॉप उघडला. ती उभ्यानेच वाचत होती. मला वाटलं, आता फेकून मारेल. तिने सगळी पत्रं सावकाश वाचली, मग वर जाऊन पहिलं पुन्हा वाचलं आणि खुर्चीत बसली.

"मी जिन्यात बसते, हे तुला कधीपासून माहीत?"

"दोन वर्षं झाली. खिडकीतून दिसतं."

"मग बाहेर का नाही आलास कधी?"

"वाटलं, तेवढाच वेळ तुला मिळतो."

तिने डोळे पुसले आणि मी पाणी आणायला उठलो तर म्हणाली, "बस. हात लावू नकोस कशाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसला गेली. साहेबांना समजावीन म्हणाली. मी तिच्याबरोबर येतो म्हणालो तर तिने मला आईच्या डोळ्यांत औषध घालायला सांगितलं. दुपारी बाराच्या आतच ती परत आली. पिशवीत पाण्याची बाटली, डबा आणि टेबलावरचं छोटं घड्याळ होतं.

"नाही ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं की. चहासुद्धा दिला. पुढच्या महिन्यात आमच्या विभागातून चार जणांना कमी करायचं ठरलं होतं. यादीत मी दुसरी होते. म्हणाले, तुमच्याशी हा विषय कसा काढावा याचीच काळजी होती, तुम्ही आमचं काम सोपं केलंत."

"म्हणजे माझी चूक नाही?" मी विचारलं. विचारू नये ते आधी विचारायची माझी सवय.

"चूक तुझीच आहे. फक्त तुझ्या चुकीने काही बिघडलं नाही, एवढंच." ती पिशवीतलं घड्याळ काढून हातात घेऊन बसली. "नऊ मिनिटं. का जाताय, एवढं तरी विचारायचं रे. वाचलं तरी असेल का त्यांनी?"

आतून आई म्हणाली, "आज लवकर आलीस? बरं झालं." ताई म्हणाली, "हो आई."

गृहपाठ मिळाला नाही म्हणून मॅडमनी मला शून्य दिलं. मीही काही सांगितलं नाही. पण वर्ग पुरा केला आणि दोन महिन्यांनी रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत अहवाल टाइप करायला लागलो. तिथे मी प्रत्येक बटन दाबण्याआधी पाचपर्यंत आकडे मोजतो. तिथल्या डॉक्टरीणबाई मला संथ समजतात.

परवा रविवारी त्या योजनेच्या कार्यालयातून एका मुलीचा फोन आला. प्रशिक्षणाचा किती फायदा झाला, याची पाहणी चालू होती.

"नोकरी लागली?"

"लागली."

"अभिनंदन. प्रशिक्षणापूर्वी घरात नोकरी करणारी माणसं किती होती?"

"एक."

"आणि आता?"

ताई समोरच बसली होती, चौदावा की पंधरावा अर्ज भरत. अनुभवाच्या रकान्यात ती काहीतरी लिहायची, खोडायची आणि परत तेच लिहायची.

"एक," मी म्हटलं.

"मग मी 'फरक नाही' असं लिहू का?"

ताईने मान वर करून कोणाचा फोन म्हणून खुणेनेच विचारलं. मी हातानेच काही नाही म्हटलं.

"लिहा," मी मुलीला सांगितलं. "तसा काही फरक नाही."