कुमुदताईंची चौकशी

बसमध्ये शेजारी कोणी बसलं, की आमच्या कुमुदताई त्याला इंग्रजीत विचारतात, "तुम्ही दिवसभर नक्की काय करता?" विमानतळावर काम करतो, एवढ्यावर त्या सोडत नाहीत. "तिथे हजार कामं असतात. तुम्ही नक्की काय?" मुलांनो, इथली डच माणसं मोकळी बोलणारी खरी, पण एक गृहस्थ दोन थांबे आधीच उतरून गेले.

कुमुदताई अ‍ॅमस्टेलव्हीनला आमच्या शेजारी, लेकीकडे राहतात. जावयाने एकदा आपली सॉफ्टवेअरची नोकरी समजावून सांगितली. तिसऱ्यांदा "नक्की काय?" आल्यावर तोच विचारात पडला.

त्यांचं वाचनही एकाच विषयाचं: पहिला अणुबॉम्ब जिथे तयार झाला ती गुप्त गावं. युद्धकाळात टेनेसीच्या डोंगरांत बघता बघता कारखाने उभे राहिले. नुकत्याच शाळा संपवलेल्या मुली तिथे यंत्रापुढे बसून तबकडीवरचा काटा जागेवर राखत. आपण युरेनियम वेगळं करतोय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. हिरोशिमाची बातमी आली, तेव्हा उलगडा झाला. भाच्यांबद्दल बोलावं तसं कुमुदताई त्यांच्याबद्दल बोलतात. "पोरी हुशार हो! पण विचारायची चोरी."

"तुम्ही बऱ्या गप्प बसला असतात!" मी एकदा चेष्टेने म्हटलं.

"बसले की. तीस वर्षं."

त्यांचे यजमान मुंबईला अणुसंशोधनात होते, हे मला तेव्हा कळलं. घरात कामाचा विषय काढायचा नाही, असा नियम. ते गेले, तरी विषय निघाला नाही. ती चेष्टा मला अजून बोचते.

मार्चमध्ये यजमानांचे एक जुने सहकारी द हेगला मुलाकडे आले. कुमुदताईंनी वहीभर प्रश्न लिहून काढले आणि सोबतीला मला नेलं.

"विचारा वहिनी," ते म्हणाले. "आता सांगता येईल तेवढं सांगतो."

कुमुदताईंनी वही उघडलीच नाही. "डबा रोज रिकामा यायचा. हे स्वतः खायचे, की वाटून टाकायचे?"

ते ओशाळले. "आमच्या इमारती वेगळ्या होत्या, वहिनी. जेवायला आम्ही कधी एकत्र नव्हतो."

"बरं," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांच्या गुडघेदुखीची विचारपूस करू लागल्या.

परतीच्या गाडीत मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी आठवड्याचा डबा सांगायला सुरुवात केली. सोमवारी फरसबी. मंगळवारी मटकीची उसळ. बुधवारी बटाट्याच्या काचऱ्या.

"गुरुवारी भरली वांगी. ती ह्यांना फार आवडायची."

मांडीवरची वही त्यांनी पिशवीत सरकवली.

"म्हणजे, मी आपलं तसं धरून चालले होते."