कुणाचं नाव राहिलं असल्यास

१९९३ सालचा चित्ररसिक मंडळाचा चित्रपट पुरस्कार सोहळा अजून संपलेला नाही. कोल्हापुरातल्या ज्या नाट्यगृहात तो सुरू झाला तिथंच तो चालू आहे, आणि आम्ही सातव्या रांगेत बसलेलो आहोत.

आम्ही म्हणजे मी, वामन शेणोलीकर, आणि माझी बायको कुंदा. ‘तिसरी घागर’ या चित्रपटात तिनं विहीणबाईंचं काम केलं, त्यासाठी तिला उत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचं नामांकन आहे. कथेचा पुरस्कार झाला, छायाचित्रणाचा झाला, गीतांचा झाला. मग संगीताचा पुरस्कार श्रीरंग दातीर यांना जाहीर झाला. ते टाळ्यांच्या गजरात वर गेले, शाल-श्रीफळ घेतलं, आभार मानायला माईकसमोर उभे राहिले, आणि ते अजून आभार मानताहेत. त्यांच्यानंतर कुंदाचा नंबर आहे.

आभार मानणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही, असा मंडळाचा नियम आहे. तो चांगलाच नियम आहे. आपल्याकडे अशा भाषणातून बाहेर पडायला एक वाक्य असतं, ‘अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व’. ते म्हटलं की माणूस सुटतो. पण दातीर ते म्हणत नाहीत. थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी ते म्हटलं होतं, आणि राहिलेलं नाव निघालं त्यांच्या आत्याचं. लग्नातले सगळे पापड त्या आत्यानं एकटीनं लाटले होते. ती भर पंगतीतून पिशवी उचलून गेली ती पुन्हा त्यांच्या दारात आली नाही. पुढं तिच्या दहाव्याला कावळा शिवेना. शेवटी दातीरांनी घाटावर उभं राहून पापडांबद्दल तिचे जाहीर आभार मानले, तेव्हा कुठं कावळा आला. त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य सोडलं. हे सगळं त्यांनी भाषणातच सांगितलं आहे, कावळ्याचे आभार मानताना.

तेव्हा ते एकेक नाव घेतात. मुळात नावं बेताचीच असतील. पण माणूस उभा आहे म्हटल्यावर त्याला कुणी पाणी देतं, कुणी खुर्ची सरकवतं, कुणी माईक दुरुस्त करतं, न्हावी येऊन दाढी करून जातो. त्यांचे आभार नकोत का मानायला? आणि न्हाव्याचे मानले की त्याला वेळेवर पाठवणाऱ्या त्याच्या बायकोचे आलेच. यादी मारुतीच्या शेपटासारखी वाढते आहे. मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या, पण माणूस म्हणून चूक काढायला जागा नाही.

माझं एक बरं आहे. मी नामांकित नाही, त्यामुळं मला बाहेर जाता येतं. मी जिल्हा परिषदेतली नोकरी पुरी केली, रोज संध्याकाळी डबा आणि तिची इस्त्रीची साडी घेऊन परत सातव्या रांगेत आलो. तिला मात्र हलता येत नाही. आपला पुरस्कार जाहीर होण्याआधी जो सभागृह सोडेल, त्याचं नामांकन रद्द. फक्त एक पाय आत असला तर उपस्थिती धरतात. रेवतीचं, म्हणजे आमच्या मुलीचं, लग्न आम्ही बाहेरच्या लॉबीत लावलं, तेव्हा कुंदानं कन्यादान उंबऱ्यावर उभं राहून केलं, उजवा पाय लॉबीत आणि डावा आत. भटजींनी काही हरकत घेतली नाही.

दातीर श्वास घ्यायला थांबले की ती पदर सारखा करून अर्धी उठते. ते पुढचं नाव घेतात, ती बसते. या उठबशीनं तिचे गुडघे गेले. पलीकडच्या खुर्चीत मालन जगदाळे असतात, त्याच पुरस्काराच्या दुसऱ्या नामांकित. त्यासुद्धा तेव्हाच अर्ध्या उठतात. मग दोघी एकमेकींकडं न बघता बसतात आणि लोणच्याची बरणी इकडून तिकडं जाते. मीही पाय हलवत असतो. सगळी सातवी रांग पाय हलवते, त्यानं खुर्च्यांचे खिळे सैल झालेत.

आता रेवतीचे दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं ती सासरहून आली आणि लॉबीत राहिली, कारण पास नसल्यानं तिला आत सोडत नाहीत. लॉबीत आधीच पुढच्या सालच्या सोहळ्याचे नामांकित जरीचे कपडे घालून वाट बघत बसलेत. त्यांनी तिला सोफा दिला, हा त्यांचा मोठेपणा.

“एक पाय आत ठेवून लग्न लागतं,” मी कुंदाला म्हणालो, “पण दवाखाना पडला राजारामपुरीत. एवढी तुझी टांग पुरायची नाही.”

“मला कळतंय ते,” ती म्हणाली. “तुम्ही जरा गप्प बसा. श्वास घेतायत ते.”

दातीरांनी श्वास घेतला आणि पंखा पुसणाऱ्याचं नाव घेतलं. कुंदा बसली. नुसती बसली नाही, तिनं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. विहीणबाईंच्या कामात तिनं हेच केलं होतं, पण तेव्हा तिचे डोळे भरले नव्हते.

“अहो, आयुष्यात एकदा माझं नाव माईकवरून यावं एवढंच मागितलं मी,” ती म्हणाली. “आणि तिकडं पोरगी परक्या सोफ्यावर.”

मी तिची पर्स माझ्या मांडीवर घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावरचा तानाजी वाकून वाकून रांगेत आला.

“पावणं, ल्येकीच्या पोटात दुखाय लागलंय,” तो म्हणाला. “रिक्षा थांबवलीया. आईला सोडून जाणार न्हाई म्हनतीया.”

कुंदा उठली. या वेळी अर्धी नाही, पुरी उठली. मला वाटलं आता दाराकडं जाणार, आणि संपलं. मालनबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी लोणच्याची बरणी घट्ट धरली. पण कुंदा मधल्या वाटेनं सरळ रंगमंचावर गेली.

“दातीरभाऊ, अजून किती नावं आहेत?”

दातीरांनी माईकवर हात ठेवला. “खरं सांगू वहिनी? नावं केव्हाच संपली. नवं कुणी पाणी आणून देतं तेवढीच. बाकी मी पहिल्यापासून पुन्हा घेतोय. ते एक वाक्य तोंडातून निघत नाही हो.”

“मग तुमच्या वतीनं मी म्हणते.”

पहिल्या रांगेतून मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब मुळगुंद उठले. ते काठी टेकत उठतात, पण नियम त्यांना तोंडपाठ आहेत.

“ते वाक्य फक्त विजेत्याला म्हणता येतं, बाई. तुम्ही नुसत्या नामांकित.”

“मग पाकीट फोडा.”

“यांचं भाषण चालू असताना?”

“अण्णासाहेब,” कुंदा म्हणाली, “माझी लेक अडलीय बाहेर. मी नसले विजेती तर मालनताई म्हणतील ते वाक्य, आणि मी माझ्या वाटेनं जाईन. पण कोण ते तरी कळू द्या.”

अण्णासाहेबांनी कार्यकारिणीकडं पाहिलं. कार्यकारिणी पहिल्या रांगेतच असल्यानं बैठक तिथंच झाली. दातीरांचं भाषण न थांबवता तहकूब करावं, असं ठरलं. पाकीट आणलं गेलं. डिंक पार वाळला होता, ते आपोआपच उघडलं.

“उत्कृष्ट सहायक अभिनेत्री, कुंदा वामन शेणोलीकर.”

मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. तिचं नाव माईकवरून आलं आणि वरच्या बाल्कनीपर्यंत गेलं. मालनबाईंनी आधी डोळे पुसले आणि मग त्यांनीही वाजवल्या. कुंदाला शाल घातली, नारळ दिला, आणि नियमाप्रमाणं अण्णासाहेबांनी समज दिली. आभार झाल्यावर ते विचारतील, तीनदा. ज्याचं नाव राहिलं असेल त्यानं हात वर करायचा. एक जरी हात वर आला, तरी आभार पहिल्यापासून.

कुंदा बोलायला लागली. तिनं दिग्दर्शकाचे आभार मानले, सेटवर घागर भरून देणाऱ्या बाईंचे मानले, दातीरांचे मानले. मालनबाईंचे लोणच्याबद्दल मानले. तानाजीचे, इस्त्रीवाल्याचे, लॉबीतल्या सोफ्याचे मानले. नवऱ्याचं नाव बायका शेवटी घेतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कॉलर सारखी केली. तेवढ्यात दाराबाहेर रेवती ओरडली. कुंदानं एकदा दाराकडं पाहिलं आणि ती भराभरा म्हणाली, “माझ्याकडून आणि दातीरभाऊंकडूनही, अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व.”

अण्णासाहेबांनी विचारलं, “कुणाचं नाव राहिलं आहे का?”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. डबे आणले ते आणले, पण तिनं भाषणात काय बोलायचं याची तालीमसुद्धा मीच ऐकत आलो होतो, आणि तालमीत माझं नाव दर वेळी होतं. माझा उजवा हात आपोआप हलायला लागला. पाय हलवायची सवय लागलेल्या माणसाचं असंच होतं.

“कुणाचं नाव राहिलं आहे का?”

दातीर माझ्याकडं बघत होते. नावांच्या बाबतीत त्यांची नजर चुकत नाही. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, घाटावर असाच पडला असेल. मी उजव्या हातात पर्स घेतली, डाव्यात डबा घेतला, आणि दोन्ही घट्ट धरून ठेवले.

“कुणाचं नाव राहिलं आहे का?”

मी खाली बघितलं. अण्णासाहेबांनी काठी आपटली आणि आभार मंजूर झाले. दातीर तिथल्या तिथं मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. निवेदकानं उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार जाहीर केला, आणि तिसऱ्या रांगेतला एक गृहस्थ खिशातून घड्या घातलेला कागद काढत उठला.

कुंदा पायऱ्या उतरून आली. गुडघे धरून उतरली, पण भराभर उतरली. मी नारळ तिच्या हातातून घेतला आणि आम्ही दाराकडं निघालो.

“नीट बोलले ना हो मी?”

“झकास.”

“घाईत कुणाचं राहिलं नाही ना?”

“सगळे झाले. चल तू.”

ती चार पावलं चालली आणि मधल्या वाटेत थबकली. तिनं माझ्या हातातली पर्स पाहिली, डबा पाहिला, आणि तिचा हात तोंडाकडं गेला.

“अगं बाई! अहो, तुमचं—”

“हळू,” मी म्हणालो. “माईक चालू आहे.”